आधी गल्लीत दाखवा, मग लंडनला पाठवा

नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहणारा एक तरुण गेली सहा वर्षं लग्नांचे आणि कंपन्यांचे व्हिडिओ करतोय. कॅमेरा, लेन्सेस, ड्रोन, एडिटिंगचं मशीन, सगळं स्वतःचं आहे. दिघा-रबाळे पट्ट्यात काम करणाऱ्या एका संस्थेमार्फत ब्रिटनमधल्या एका बालहक्क संस्थेने त्याला चार मिनिटांची फिल्म करायला सांगितली आहे. विषय शाळाबाह्य मुलं. त्यातलं एक मूल आणि त्याचा एक दिवस. त्याने विचारलंय, हे काम लग्नाच्या व्हिडिओपेक्षा वेगळं कसं, परवानग्या कोणत्या लागतात, पैसे किती मागायचे आणि "फिल्म इमोशनल कशी करायची".

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर लटकलेलं आहे. इमोशनल करायला जाऊ नका. पाठवणीच्या वेळी तुम्ही नवरीच्या आईचा क्लोजअप धरता, खाली सनई टाकता, ते खपून जातं. ती फिल्म त्याच घरात राहणार असते. इथे फिल्म बघणारा माणूस सातासमुद्रापार असतो आणि जिच्यावर फिल्म आहे ती मुलगी तुम्हाला पुढच्या आठवड्यात ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर भेटणार असते.

मी ठाण्यात राहते आणि २००६ पासून हेच काम करते. सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. कळव्यात रुळांच्या कडेच्या वस्तीत एका नऊ वर्षांच्या मुलावर आम्ही फिल्म केली होती. शूट छान झालं, पोरगा गोड होता. दोनेक वर्षांनी मी दुसऱ्या कामासाठी त्या वस्तीत गेले तर त्याच्या आईने मला दारातच उभं केलं. त्याच्या मावसभावाने कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ती फिल्म पाहिली होती आणि त्यातल्या इंग्रजी निवेदनाचा अर्थ घरी सांगितला होता. निवेदनात एक वाक्य होतं, की हा मुलगा अनेक रात्री उपाशी झोपतो. ती म्हणाली, "ताई, शूटिंगच्या दिवशी तुम्ही चौघं आमच्याकडे जेवलात. बोंबलाचं कालवण होतं, भात होता. मग माझा पोरगा उपाशी कुठल्या रात्री झोपला?"

ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. तिकडच्या ऑफिसात लिहिलं गेलं होतं. पण फायनल कट मला मेलवर आला होता आणि मी "ओके" असं उत्तर पाठवलं होतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जी फिल्म मी त्या गल्लीत, त्या माणसांसमोर, त्यांच्या भाषेत अर्थ सांगून दाखवू शकत नाही, ती बाहेर जात नाही. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं मी याच नियमावरून देणार आहे.

तुम्हाला आलेल्या ब्रीफमध्ये, म्हणजे फिल्म कशी हवी ते सांगणाऱ्या कागदात, 'डिग्निटी' हा शब्द दोन-तीनदा तरी असेल. तो उगाच आलेला नाही. १९८४ साली इथिओपियाच्या दुष्काळाचं बीबीसीवरचं वार्तांकन जगभर गाजलं, १९८५ ला त्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' हा संगीताचा मोठा कार्यक्रम झाला, प्रचंड पैसा उभा राहिला. मग हाडं निघालेलं, माश्या बसलेलं मूल दाखवलं की पैसा येतो, हे सगळ्यांना पाठ झालं. त्यावर इतकी टीका झाली की १९८९ मध्ये युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांना अशा चित्रांबाबत स्वतःसाठी आचारसंहिता करावी लागली. २०१७ मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' या बालहक्क संस्थेने चार देशांत, ज्यांच्या फिल्म आणि फोटो काढले त्यांनाच विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२० मध्ये 'कॉमिक रिलीफ' या ब्रिटिश संस्थेने तिकडच्या सेलिब्रिटींना आफ्रिकेत पाठवून देणग्या मागणाऱ्या अपील-फिल्म करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे त्या शब्दामागे चाळीस वर्षांचं भांडण आहे. पण ब्रीफ लिहिणारा विभाग वेगळा आणि पैसे गोळा करणारा विभाग वेगळा असतो, हे विसरू नका. पहिला सन्मान मागतो, दुसरा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, बघून विचारतो, "थोडं अजून स्ट्रगल दाखवता येईल का?" दोन्ही मेल एकाच दिवशी येतात.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण लग्नाचं शूट करणाऱ्याला याची सवय नसते आणि इथे चूक झाली तर ती मुलाला भोवते. आई-वडिलांची सही घेतली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. नाही झालं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापील वा दृक्-श्राव्य माध्यमात देता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' म्हणजे फक्त बालगृहातलं नाही. कामगार कायद्यांचं उल्लंघन करून कामाला लावलेलं मूल, भीक मागणारं, रस्त्यावर राहणारं, ही सगळी त्या व्याख्येत येतात. म्हणजे ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलवर गजरे विकणारी मुलगी तुमच्या फ्रेममध्ये कितीही सुंदर दिसत असली तरी तिचा चेहरा आणि नाव दाखवण्याआधी थांबायचं. मुलाच्या हिताचं असेल तर बालकल्याण समिती लेखी कारण नोंदवून ओळख उघड करायची परवानगी देऊ शकते. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. अर्ज स्थानिक संस्थेने करायचा, तुम्ही नाही. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी कडक आहे. तशा विषयाला पहिल्या फिल्ममध्ये हात घालू नका.

तुमच्या फिल्ममधलं मूल आता शाळेत दाखल झालंय आणि घरी आई-वडिलांबरोबर राहतंय, असं असेल तर वाट सोपी. तरीही ओळख चेहऱ्यानेच पटते असं नाही. महापालिकेच्या शाळेच्या फाटकावर शाळा क्रमांक असतो. गणवेशाच्या खिशावर बोधचिन्ह असतं. शहापूर-मुरबाडकडे गेलात तर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर गाव, केंद्र, तालुका, जिल्हा आणि यू-डायस हा शाळेचा सरकारी क्रमांक, अख्खी कुंडली ऑइलपेंटने लिहिलेली असते आणि नवखा कॅमेरामन नेमका त्याच भिंतीपुढे मुलाला बसवतो, कारण भिंत निळी असते आणि उजेड छान असतो. मी रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, जाते तेव्हा आधी अशा भिंती बघून ठेवते.

ब्लरवर विसंबू नका. चेहरा ब्लर केला तरी चाल, आवाज, शर्ट, सोबतचा भाऊ यावरून वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल हा कोण ते. खिडकीसमोर बसवून काळी आकृती करायची पद्धतही फसवी आहे. लॉगमध्ये, म्हणजे अंधारातलेही तपशील राखणाऱ्या पद्धतीने, शूट केलेलं असेल तर नंतर रंग-उजेड सुधारताना (ग्रेडिंगला) शॅडो वर उचलल्या की चेहरा हळूच उगवतो, आणि रॉ फुटेज कुणाकुणाच्या हातात जाईल ते तुम्हाला माहीत नसतं. ओळख लपवायचीच असेल तर शूट करतानाच लपवा. हात, पाय, मागून खांद्यावरून, पाटीवर लिहिणारी बोटं. आवाज दुसऱ्या कुणाकडून वदवून घ्या. पिच बदललेला आवाज परत मूळ पिचवर आणता येतो. आणि फाइल पाठवण्याआधी त्यातली जीपीएसची माहिती काढून टाका.

संमतीपत्राबद्दल. तिकडून येणारा फॉर्म इंग्रजीत, तीन पानी. त्यावर अंगठा घेतला की कागद पूर्ण होतो, संमती पूर्ण होत नाही. मी काय करते ते सांगते. मोबाइलवर आधीच्या दोन फिल्म दाखवते. मग सांगते की ही अशी, अख्ख्या जगात दिसेल, तुमच्या गावाकडच्या पाहुण्यांच्या मोबाइलवरही दिसेल, पुढची काही वर्षं दिसत राहील. "गावाकडे दिसेल" हे ऐकल्यावर कितीतरी आया विचार बदलतात. बदलू दे. नाही म्हटलं तरी शाळेतलं नाव कटणार नाही, वह्या-पुस्तकं बंद होणार नाहीत, हे संस्थेच्या ताईंनी नाही, तुम्ही सांगायचं. कारण ताईंना नाही म्हणणं त्या बाईला जड जातं. मग मुलाला वेगळं विचारायचं. आई हो म्हणाली आणि मूल नाही म्हणालं, तर उत्तर नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, त्यामुळे हे संभाषण मी ऑडिओवर नोंदवून ठेवते, तारखेसकट.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीची भानगड आहेच, नवी मुंबईचं विमानतळ आल्यावर त्या बाजूला तर आणखीच. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. खाली पत्र्याची घरं, मागे माइंडस्पेस आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, कॅमेरा वर-वर जातोय. हा शॉट प्रत्येकाने घेतलाय. वरून पाहिलं की वस्ती म्हणजे नुसता पत्रा दिसतो. त्या पत्र्याखाली कोण राहतं ते सांगायला तर तुम्हाला बोलावलंय.

वेळापत्रकाचा मुद्दा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ब्रिटनमध्ये देणग्यांचा मोठा हंगाम नाताळच्या आधीचा. त्यासाठी फिल्म त्यांना ऑक्टोबरपर्यंत हातात हवी असते, म्हणजे शूट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. आता आपल्याकडचा हंगाम बघा. ठाणे जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको हजार विटांच्या हिशेबाने राबतात, पोरं तिथेच भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतात, शाळा सुटते, आणि पावसाच्या तोंडावर सगळे पाड्यावर परततात. म्हणजे स्थलांतरामुळे शाळा सुटण्याची गोष्ट नोव्हेंबर ते मे अशी घडते, आणि ती सांगायला कॅमेरा येतो ऑगस्टमध्ये, भातलावणी आटोपल्यावर, जेव्हा भट्टीच्या जागी गुडघाभर गवत असतं आणि पोरं शाळेत असतात! एकदा मला विचारलं गेलं होतं की कुटुंबाला गाडीने त्या जागेवर नेऊन "तसं करून दाखवता येईल का". मी नाही म्हटलं आणि काम गेलं. दुसऱ्या वर्षी त्याच ऑफिसातून फेब्रुवारीत फोन आला. तुमच्या बाबतीत दिघ्याची वस्ती बारमाही आहे, पण तिथलीही बरीच कुटुंबं मराठवाड्यातून आलेली असतील. शाळा कधी सुटते, गावाला कधी जातात, परत कधी येतात, हे ताईंना विचारा आणि शूटची तारीख लंडनच्या नाही, त्या वेळापत्रकावर ठरवा. ते ऐकतात. कारण समजावून सांगणारा माणूस त्यांना क्वचित भेटतो.

आणि पुन्हा घडवून दाखवायचंच असेल, म्हणजे बालकलाकार घेऊन, तर तो वेगळा धंदा झाला. त्याला बालकामगार कायद्याखालचे नियम लागतात: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मानधनातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मी खऱ्या मुलांनाही पाच तासांच्या वर कधी अडकवत नाही. दोन तासांत मूल कंटाळतं, आणि कंटाळलेलं मूल कॅमेऱ्यात उदास दिसतं. काही दिग्दर्शक त्याची वाटच बघतात, ते जाऊ दे.

आता प्रत्यक्ष शूट.

पहिले दोन दिवस कॅमेरा न नेता जा. लग्नाच्या कामात ही चैन नसते. दोन दिवसांत पोरांचा उत्साह ओसरतो, दोन बोटं वर करून पोझ द्यायची हौस फिटते, आणि तुम्हाला कळतं की नळाला पाणी सकाळी साडेपाचला येतं आणि खरी गोष्ट तिथे आहे, शाळेत नाही. कोणतं मूल घ्यायचं हे संस्थेने आधीच ठरवलेलं असतं. ते सहसा सगळ्यात हुशार, सगळ्यांसमोर बोलणारं, आधीच्या तीन पाहुण्यांसमोर बोललेलं मूल असतं. संस्थेच्या भाषेत ती 'केस स्टडी'. तिला नाकारू नका, ताईंचा हिरमोड होतो. पण तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडे लक्ष ठेवा.

मुलाखत घेताना ताईंना खोलीबाहेर चहा प्यायला पाठवा. त्या कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या की मूल प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्याकडे बघतं आणि त्या ओठ हलवून उत्तर सांगतात, अगदी प्रेमाने. मात्र मुलाबरोबर एकटे बसू नका. घरचं कुणीतरी, आजी म्हणा, बहीण म्हणा, नजरेच्या टप्प्यात हवंच. परदेशी संस्थांचे बालसंरक्षणाचे नियम हेच सांगतात आणि ते बरोबर आहे.

"मोठेपणी तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर डॉक्टर, पोलीस किंवा टीचर. पन्नास फिल्ममध्ये तेच आहे. "तुला वाईट वाटतं का?" हा तर विचारूच नका, नऊ वर्षांच्या पोराला रडवणं अवघड नसतं आणि त्यात कौशल्यही नसतं. वस्तू मागा. "दप्तरात काय काय आहे, दाखव." तुर्भ्याच्या दगडखाणीजवळच्या वस्तीत एका मुलीने दप्तरातून पाटी, दोन गोट्या, आईचं आधार कार्ड आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला भावाचा बूट काढला होता. एकच बूट. दुसरा पावसात वाहून गेला होता आणि तो सापडेल म्हणून ती हा जपत होती. आधार कार्ड का, तर शाळेत विचारतात म्हणून रोज नेते, म्हणाली. तिने तिची सगळी गोष्ट दप्तरातून काढून दिली, मी एकही प्रश्न विचारला नाही. (आधार कार्डचा शॉट अर्थातच वापरता येत नाही. बूट वापरला.) काम विचारा: भात कसा टाकतेस, पाणी कसं आणतोस, धाकट्याला झोपवतेस कसं. मुलं काम सांगताना ताठ बसतात. त्यांना ते येत असतं.

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. म्हणजे तुम्ही जमिनीवर. ट्रायपॉडचे पाय पूर्ण दुमडून, किंवा तांदळाच्या पिशवीवर. उभं राहून खाली बघत घेतलेल्या शॉटमध्ये प्रत्येक मूल बिचारं दिसतं, ही भूमिती आहे. ऐंशी टक्के 'इमोशनल' फिल्म या एका चुकीवर चालतात.

लग्नवाल्यांचा सगळ्यात कच्चा भाग आवाज. तिथे वरून गाणं येतं, सगळं झाकून जातं. इथे मुलाचा आवाज हीच फिल्म. आणि आपला परिसर म्हणजे आवाजाचा मेळा. विटाव्याला दर चार मिनिटांनी लोकल, रबाळ्याला एमआयडीसीतले ट्रक, शेजारी कुकर, पलीकडे मिक्सर, वर पंखा. पंखा बंद करायला सांगितला की मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पाच मिनिटांत सगळे घामाने निथळतात. म्हणून प्रश्न आधी ठरवा, पाच मिनिटं पंखा बंद, दहा मिनिटं चालू. कॉलर माइक लावण्याआधी मुलाच्या कानाला हेडफोन लावा, त्याला स्वतःचा आवाज ऐकू दे. मग तो माइकशी खेळत नाही. साउंड रेकॉर्डिस्टचे पैसे वाचवू नका. वाचवायचेच असतील तर दुसऱ्या कॅमेऱ्याचे वाचवा. आणि निघण्याआधी प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा, कुणी न बोलता. एडिटला बसल्यावर माझी आठवण काढाल. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मुलाखत संपली असं समजायचं. पण तो आवाज घेऊन ठेवायचा.

एक तांत्रिक गोष्ट. तिकडून कधीकधी तीस फ्रेमची मागणी येते, विशेषतः अमेरिकेतून. आपली वीज पन्नास हर्ट्झची. तीस फ्रेम, एक साठांश शटर ठेवलंत तर शाळेतल्या ट्यूबलाइट फडफडतील. पंचवीस फ्रेम, एक पन्नासांश शटर. ब्रिटनला पंचवीसच लागतं. अमेरिकेला तीस हवंच असेल तर शटर एक पन्नासांशवरच ठेवा, म्हणजे ट्यूबलाइट निवांत राहते.

सबटायटलवर मी सगळ्यात जास्त भांडते. मुलगी म्हणाली, "आई कामाला जाते, मग मी भात टाकते." तिकडच्या एडिटमध्ये त्याचं झालं, घरच्यांसाठी मला स्वयंपाक करावा लागतो. बदल एका क्रियापदाचा, पण 'टाकते' म्हणणारी मुलगी घर चालवते आणि 'करावा लागतो' म्हणणारीवर अन्याय होतोय. त्यामुळे भाषांतर तुम्ही करून द्या, टाइमकोडसकट (कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला ते लिहून), आणि करारात लिहून घ्या की सबटायटलचा शेवटचा मसुदा तुमच्याकडून तपासून जाईल. मूल मराठी बोलत नसेल, वडारांच्या मुलाचं घरचं बोलणं तेलुगूच्या वळणाचं असतं, बंजाऱ्यांची गोरमाटी, मुंब्र्याची हिंदी-उर्दू, तर वस्तीतलाच दुभाषी घ्या आणि त्याला पैसे द्या. कातकरी मूल पाहुण्याशी मराठीत एका शब्दात बोलतं आणि बहिणीशी कातकरीत पाच मिनिटं. आपल्याला ती पाच मिनिटं हवीत.

कुटुंबाला पैसे द्यायचे का? परदेशी संस्था नाही म्हणतात, पैशाने संमती विकत घेतल्यासारखं होतं म्हणून. मला ते अर्धंच पटतं. नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणाऱ्या बापाला तुम्ही दिवसभर घरी थांबवलंत तर त्याची हजेरी बुडाली, आणि ती तुमच्यामुळे बुडाली. मी बुडालेली मजुरी बजेटमध्ये उघडपणे दाखवते आणि संमती झाल्यानंतरच संस्थेमार्फत देते. आधी बोलत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे चांगले लोक आहेत.

तुमच्या पैशांचं थोडक्यात. दिवसाचा भाव सांगू नका, पूर्ण कामाचा सांगा: दोन दिवस रेकी, तीन दिवस शूट, भाषांतर दोन दिवस, एडिट आठ-दहा दिवस, वस्तीत दाखवायचा एक दिवस. दोन फेऱ्यांपर्यंतचे बदल फुकट, तिसरीपासून पैसे. चाळीस टक्के आगाऊ, चाळीस शूट झाल्यावर, वीस फायनलला. परदेशी संस्था तुम्हाला थेट पैसे पाठवत असेल तर घाबरू नका; व्यवसायात दिलेल्या सेवेची फी म्हणून आलेली रक्कम परकीय अंशदान कायद्याखाली (एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा) 'अंशदान' म्हणजे देणगी ठरत नाही. पण बिलावर सेवेचं नाव स्पष्ट लिहा आणि जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा. इथल्या संस्थेच्या खात्यातून पैसे येणार असतील तर वेळ लागेल; २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यावर हिशेबाची बंधनं वाढली आहेत, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

करारात एक गोष्ट मात्र पैशांइतकीच घासाघीस करून घ्या. रॉ फुटेज कुणाचं, किती वर्षं वापरणार, दुसऱ्या देशाच्या अपीलमध्ये वापरणार का, आणि कुटुंबाने उद्या नको म्हटलं तर किती दिवसांत काढणार. मी तीन वर्षांची मुदत मागते. नऊ वर्षांचं पोर बाराचं होतं, पंधराचं होतं, नोकरीला लागतं, आणि त्याचा जुना चेहरा कुठल्यातरी बसच्या पाठीवर हात पसरून उभा असतो. आणि तुमचं ऐकलं जाईलच अशा भ्रमात राहू नका. केन लोचसारख्या नामांकित ब्रिटिश दिग्दर्शकाने १९६९ मध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या पन्नाशीनिमित्त त्यांच्यासाठी फिल्म केली. ती संस्थेला इतकी झोंबली की फिल्म अभिलेखागारात गेली, आणि लोकांसमोर आली थेट २०११ मध्ये. ज्याचे पैसे त्याची फिल्म, हे लोचलाही चुकलं नाही. आपण लोच नाही. आपल्याला निदान सबटायटल, मुदत आणि एका कटावर नकार द्यायचा हक्क, एवढं लिहून घेता येतं.

आणि तो नकार कुठून येतो? गल्लीतून. रफ कट झाला की लंडनला पाठवण्याच्या आधी वस्तीत दाखवा. एक चादर, एक छोटा प्रोजेक्टर, ब्लूटूथ स्पीकर. आधी फक्त त्या घराला, लॅपटॉपवर, दार लावून. त्यांनी हो म्हटलं तरच बाकीच्यांना. निवेदन असेल तर त्याचा अर्थ मराठीत, हिंदीत वाचून दाखवा, गाळू नका. गेल्या वर्षी चिंचपाड्यात एका आईने पूर्ण फिल्म शांतपणे पाहिली, मुलीचं बोलणं ऐकून हसली, मग म्हणाली, मोरीचा पडदा दिसतोय तेवढं काढा, तो त्या दिवशी धुतलेला नव्हता. तीन सेकंदांचा शॉट. फिल्ममधला सगळ्यात सुंदर उजेड त्याच शॉटमध्ये होता, आणि शूटनंतर पाठवलेल्या नमुन्याच्या फुटेजमधल्या त्याच शॉटचं कौतुक करणारी मेल लंडनहून आधीच आलेली होती. मी तिथेच बसून तो काढला. तिकडे कळवलं, आईने काढायला सांगितला. उलट प्रश्न आला नाही.

चादर स्वतःची न्या, पांढरी, इस्त्री केलेली. एक्स्टेन्शन बोर्ड वीस मीटरचा लागतो, आणि वीज कुणाच्या घरातून घ्यायची हे दुपारीच विचारून ठेवा. रात्री ऐन वेळी विचारलं तर मीटर कुणाचा यावरून गल्लीत भांडण लागतं.